बाकांवरचा पहिला शुक्रवार

ऑगस्टच्या अखेरीस टेक्ससमध्ये हायस्कूल फुटबॉलचा (अमेरिकन, लंबगोल चेंडूचा) पहिला सामना बघायला निघालात तर आधी बुडाखालची सोय बघा. स्टेडियममधली बाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात आणि दिवसभर ३८-४० अंशांत तापलेली असतात. संध्याकाळी सातलासुद्धा हाफपँट घालून त्यांच्यावर बसवत नाही. म्हणून मुरलेले प्रेक्षक बाकाला अडकवायची घडीची गादी काखेत मारून येतात. पिशवी आरपार दिसणारी लागते, नाहीतर फाटकावरून पुन्हा गाडीपर्यंत हेलपाटा. तिकीट बहुतेक ठिकाणी फोनवर आधीच काढायचं. आणि जमलं तर यजमान शाळेच्या बाजूला बसायचं. त्यांचा स्टँड सहसा पश्चिमेला असतो, त्यामुळे मावळतीचं ऊन पाठीवर येतं. पाहुण्यांच्या ते थेट डोळ्यांत. डॅलसच्या परिसरात या दिवसांत सूर्य आठच्या जरा आधी मावळतो, म्हणजे सातला सुरू झालेल्या सामन्याचा सुरुवातीचा बराच भाग पाहुणे कपाळावर हात आडवा धरून बघतात. तरी निघताना त्यांचीही मतं तितकीच ठाम असतात.

पहिल्या सामन्याची गंमतच ती. डिसेंबरपासून फुटबॉल बंद. मधले महिने नुसत्या गप्पांवर काढलेले: कोण गेलं, कोण आलं, कोणाचा मुलगा सुट्टीत किती वाढला, नव्या कोचने डिफेन्स बदललाय म्हणे. साठलेले सगळे अंदाज एकाच संध्याकाळी खरे करून घ्यायची घाई असते. पहिल्याच खेळीत ७० यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) पोचला, की ‘यंदा आपण फायनलला’, आणि पहिल्याच खेळीत चेंडू हातातून निसटला की ‘कोच बदला’. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण हे शीत उकळी फुटायच्या आधी काढलेलं असतं.

हायस्कूलच्या बाबतीत तर हे जास्तच लागू. शाळा चार वर्षांची. शेवटच्या वर्षाची मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर पदवी घेऊन बाहेर पडतात आणि संघातले सर्वात दणकट गडी त्यांच्याबरोबर जातात. ऑफेन्सचे, म्हणजे चेंडू पुढे नेणारे, ११ आणि डिफेन्सचे, म्हणजे अडवणारे, ११ असे २२ जण नेहमी आळीपाळीने उतरतात. त्यातले निम्मे दर वर्षी बदलले तर कोणी भुवई उंचावत नाही. हंगामाआधी वर्तमानपत्रं जे अंदाज छापतात त्यांत ‘गेल्या वर्षीचे किती परतले’ हा आकडा म्हणूनच सर्वात वर असतो. पण तोही फसवा. आठ परतले म्हणताना त्यांत खेळी चालवणारा क्वार्टरबॅक आहे का, आणि त्याच्यापुढे भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या पाच जणांपैकी किती आहेत, हे विचारायला हवं. त्या पाच जणांना एकमेकांचं पाऊल ओळखता यायला सामने लागतात. वेगवान धावपटू नवा असला तर एक वेळ चालतं. मधला लाइनमन, म्हणजे सेंटर, नवा असला तर सगळ्या संघाची पंचाईत होते, कारण प्रत्येक खेळी त्याच्या हातातून सुरू होते.

स्टँडमध्ये जागा बदलली की सामनाही बदलतो. मधोमध, ५० यार्डांच्या रेषेसमोर, राखीव खुर्च्या. तिथे संघाला मदत जमवणाऱ्या बूस्टर क्लबची मंडळी आणि जुने भक्त, स्वतःची मुलं शिकून बाहेर पडली तरी जागा न सोडणारे. यांची प्रतिक्रिया उशिरा येते आणि ती नेहमी तुलनेची असते. त्यांच्या शेजारी खेळाडूंचे आईवडील. छातीवर मुलाच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला आणि नजर एकाच नंबरावर. चेंडू कुठे गेला हे त्यांना बरेचदा बाकीच्यांच्या आरड्यावरून कळतं. लाइनमनच्या आईला टचडाउन दिसतच नाही. ढिगाऱ्यातून आपलं पोर उठलं का, आणि उठताना कुठल्या पायावर भार दिला, एवढंच ती बघते. एका टोकाला बँड. दुसऱ्या टोकाला विद्यार्थी. पुढच्या रांगा शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या, हा अलिखित कायदा. नववीतलं पोर पुढे घुसलं तर त्याला मागे पाठवायला शिक्षक लागत नाही. दर सामन्याला त्यांचा वेश ठरलेला: सगळे पांढऱ्यात, सगळे काळ्यात, फुलाफुलांचे हवाईयन शर्ट, नाहीतर तारे-पट्टे. आणि गोलखांबांच्या मागे मोकळ्या जागेत सात-आठ वर्षांची पोरं चुरगळलेल्या कागदी पेल्याचा चेंडू करून आपला वेगळाच सामना खेळत असतात. मुख्य सामन्याच्या स्कोअरशी त्यांना काडीचं देणंघेणं नसतं.

मग नेमकं बिघडतं काय? सगळ्यात आधी लाथ मारायची प्रत्येक गोष्ट.

टचडाउनचे सहा गुण पडले की बँड शाळेचं गाणं धरतो, लोक मिठ्या मारतात, निम्मे जण नाचोज आणायला जिना उतरतात. नेमकं तेव्हाच मैदानावर एका गुणासाठी किक घ्यायची असते. चेंडू ३ यार्डांच्या रेषेवर. स्नॅपर तो आपल्या दोन पायांमधून सात यार्ड मागे फेकतो. तिथे होल्डर एक गुडघा टेकून बसलेला. होल्डर बहुतेकदा राखीव क्वार्टरबॅक, कारण त्याच्या हातांना चेंडूची सवय असते. त्याने झेलायचं, चेंडू छोट्या ठोकळ्यावर उभा करायचा, शिवणीची बाजू गोलखांबांकडे वळवायची, बोटाने वरून धरून ठेवायचा. तोवर किकरची पावलं निघालेली असतात. अंतर म्हणाल तर सोपं. किक १० यार्डांच्या रेषेवरून, पुढे १० यार्डांचा एंड झोन, म्हणजे २० यार्ड. हायस्कूलचे गोलखांबही ऐसपैस, २३ फूट ४ इंच रुंद. कॉलेज आणि व्यावसायिकांचे १८ फूट ६ इंचच असतात.

अडचण वेळेची आहे. स्नॅपपासून किकपर्यंत सगळं साधारण दीड सेकंदात उरकायला हवं. पावणेदोन झाले की कडेने धावत येणारा डिफेंडर पोचतो आणि चेंडू त्याच्या हातावर आदळतो. पहिल्या सामन्यात पावणेदोन होतातच. स्नॅपर नवा असतो, घामाने चेंडू निसरडा झालेला असतो, होल्डर शिवण शोधण्यात क्षणभर घालवतो, ते बघून किकर पाऊल अडखळतो. सरावात हे त्रिकूट रोज ढिगाने किका मारतं, पण समोरून जीव खाऊन कोणी येत नसतं. हंगामाआधीच्या सरावसामन्यांतही किका सहसा अर्ध्या वेगाने उरकतात, कारण तिथे कोणाचा गुडघा जायला नको असतो. त्यामुळे खरी चाल करून येणारी फळी त्यांना पहिल्यांदा भेटते ती पहिल्या शुक्रवारीच, हजारो लोकांसमोर.

त्यावर स्टँडची प्रतिक्रिया काय? अर्ध्यांनी पाहिलेलंच नसतं. नाचोज घेऊन वर आलेला माणूस फलकाकडे बघतो, ७ च्या जागी ६ दिसतो, शेजाऱ्याला विचारतो आणि खायला लागतो. पण तो एक गुण रात्रभर छळतो. पुढच्या टचडाउननंतर कोचला तो भरून काढायचा मोह होतो. तो किकऐवजी चेंडू पुन्हा आत नेऊन दोन गुण मिळवायची खेळी लावतो, तीही फसते, आणि दोन टचडाउन करूनही फलक १२ वर अडकतो. समोरच्याने दोन टचडाउन आणि दोन साध्या किका केल्या की १४. शेवटच्या मिनिटाला हरलेल्या संघाचे लोक शेवटच्या पासला शिव्या घालत बाहेर पडतात. पहिल्या क्वार्टरमधली ती किक फक्त ५० यार्डांसमोरच्या म्हाताऱ्यांच्या लक्षात असते.

पंटचंही, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथाडण्याचंही, तेच. तिथे स्नॅप तेरा ते पंधरा यार्ड मागे जायला हवा. पहिल्या सामन्यात तो डोक्यावरून तरी जातो, नाहीतर दोन टप्पे घेत तरी. आणखी एक दोष बाकावर बसूनसुद्धा पकडता येतो. किकच्या वेळी मैदानावरची आपली पोरं मोजा. ११ च्या जागी १० भरतात. कारण साधं आहे. किकऑफ, किकऑफ परतवणं, पंट, पंट परतवणं, एका गुणाची किक, ती अडवणं, अशा सहा वेगवेगळ्या तुकड्या असतात आणि एकच मुलगा तीन-चार तुकड्यांत असतो. त्याच्या पिंढरीत गोळा आला की त्याच्या नेहमीच्या जागेवर बदली खेळाडू लगेच जातो. पण हाच मुलगा पंट परतवणाऱ्या तुकडीतही होता, हे दोन खेळ्यांनंतर कोणाच्या ध्यानात राहत नाही. चांगले कोच म्हणून प्रत्येक तुकडीची बदली खेळाडूंची यादी फळ्यावर वेगळी लिहून ठेवतात. आणि दुसऱ्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी ती अजून मोठ्या अक्षरांत लिहितात.

गोळे हा तर पहिल्या सामन्याचा ठरलेला पाहुणा. तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर येतो. पोरगं धावता धावता खाली बसतं, पाय ताठ. अ‍ॅथलेटिक ट्रेनर धावत येतो, चवडा गुडघ्याकडे दाबून पिंढरी ताणतो. पाहुण्यांच्या बाकांवरून ‘नाटक करतोय’ अशी हाकाटी होते. नाटक बहुधा नसतं. घामाबरोबर मीठ गेलेलं असतं, दुपारी धड जेवलेलं नसतं आणि मनाचा ताण असतो तो वेगळाच. लहान शाळांत एकच मुलगा ऑफेन्स, डिफेन्स आणि किक अशा तिन्हींत खेळतो, त्याला तर विसावाच नाही. कृत्रिम गवताचा पृष्ठभाग भर उन्हात साठ अंशांच्या वर जातो आणि संध्याकाळीही तो खालून धग सोडत राहतो. सामन्याच्या दिवशी दुपारी पाणी ढोसून काही होत नाही. आदल्या दोन दिवसांत पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जायला हवं. हे मुलांना सांगून सांगून ट्रेनरचा घसा बसतो.

गोळा आणि उष्माघात यांत मात्र गल्लत होता कामा नये. मुलगा बावचळल्यासारखा बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो गोळा नव्हे. तिथे नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाच्या कडेलाच भरून ठेवलेला असतो आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता मुलाला त्यात बसवतात. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली असा कायदा पहिल्यांदा केला आणि पुढे बाकीच्या सगळ्या राज्यांनी तो उचलला. स्टँडमधून ‘पाठवा रे त्याला आत’ असं कोणी कितीही ओरडलं तरी ट्रेनर ढिम्म. ट्रेनरपुढे कोचचंही चालत नाही, आणि ते बरंच आहे.

हेल्मेटचीही एक गंमत बघायला मिळते. पहिल्या सामन्यात ती फटाफट उडतात. जुलैत माप घेताना डोक्यावर केसांचं जंगल असतं. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळा संघ मिळून केस भादरून टाकतो, आणि तेच हेल्मेट बोटभर सैल होतं. भुवईच्या वर दोन बोटं अंतर राहिलं आणि हेल्मेट हलवल्यावर कपाळाची कातडीही बरोबर हलली, तर माप बरोबर. नियम असा की खेळी चालू असताना हेल्मेट निघालं तर त्या खेळाडूने एक खेळी बाहेर बसायचं. नेमका तोच जर क्वार्टरबॅक असला तर राखीव पोराला थंडगार अंगाने आत जावं लागतं आणि बाकांवर चिडीचूप होते.

चूक दिसली की पंच फेकतात ते पिवळे रुमाल या रात्री भरपूर उडतात. त्यावर सर्वात मोठा गलका होतो आणि गलका करणाऱ्यांना तो कशासाठी उडाला हे बहुधा ठाऊक नसतं. पांढऱ्या टोपीच्या रेफरीकडे बघितलं तर ओरडण्यापूर्वी कळेल. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांभोवती गोल फिरवले, म्हणजे फॉल्स स्टार्ट (खेळी सुरू व्हायच्या आधीच हलणं), ५ यार्ड मागे. छातीवर हातांची घडी, म्हणजे वेळेत खेळी सुरू केली नाही, तेही ५ यार्ड. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, म्हणजे होल्डिंग, १० यार्ड. पहिल्या दोन्ही पेनल्ट्या नुसत्या सुट्टीत चढलेल्या गंजाच्या असतात. नवा क्वार्टरबॅक ठेका बदलून ‘हट’ म्हणतो आणि नवा टॅकल (कडेचा लाइनमन) आधीच उठतो. पहिल्या सामन्यात त्या सात-आठ झाल्या तरी काळजीचं कारण नाही. होल्डिंग सात-आठदा झालं तर आहे, कारण त्याचा अर्थ लाइनमनचे पाय समोरच्याच्या वेगाला पुरत नाहीत आणि तो हातांनी धरून ठेवतोय. सवय सरावाने जाते, वेग इतक्या सहज येत नाही. शिवाय पंचांचाही हा पहिलाच सामना असतो. त्यांची संख्या इतकी रोडावली आहे की माणसं पुरत नाहीत म्हणून कित्येक सामने शुक्रवारऐवजी गुरुवारी ठेवावे लागतात. बाकांवरून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्यांनी हे एकदा मनात आणावं.

टॅकलिंगबद्दल, म्हणजे धावणाऱ्याला पाडण्याबद्दलही, असंच. पहिल्या शुक्रवारी धावणारा मुलगा तीन-तीन जणांच्या हातांतून निसटतो आणि स्टँडमधले जुने खेळाडू ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. त्यांच्या वेळी रोज सरावात एकमेकांना जमिनीवर आपटायचे. आता टेक्ससमध्ये हंगामात आठवड्याला प्रत्येक खेळाडूमागे जास्तीत जास्त ९० मिनिटं पूर्ण धडकेचा सराव चालतो, आणि तो डोकी शाबूत राहावीत म्हणूनच. त्याची किंमत म्हणजे पहिल्या सामन्यातलं हे ढिसाळ टॅकलिंग. सौदा स्वस्त आहे.

आता हारजीतीकडे. पहिल्या रात्री हरल्यावर किती रडायचं हे राज्य कोणतं त्यावर ठरतं, आणि बाहेरून आलेल्याला हे कोणी सांगत नाही. टेक्ससमध्ये सगळा कारभार यूआयएलचा, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीगचा. शाळांची पटसंख्येनुसार १ए ते ६ए अशी वर्गवारी, ती दर दोन वर्षांनी नव्याने होते, आणि प्रत्येक वर्गाचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे विभागवार गट, पाडलेले. मोठ्या शाळांत प्रत्येक डिस्ट्रिक्टमधले पहिले चार प्लेऑफला (बाद फेरीला) जातात आणि क्रमवारीत फक्त डिस्ट्रिक्टमधले सामने धरतात. सुरुवातीचे सामने डिस्ट्रिक्टबाहेरचे. म्हणजे पहिल्या शुक्रवारी ४० गुणांनी मार खाल्ला तरी कागदावर काहीच बिघडलेलं नसतं. कित्येक कोच मुद्दाम आपल्याहून दांडगा प्रतिस्पर्धी पहिल्यांदा घेतात, आपली दुखरी जागा आत्ताच कळावी म्हणून. काही जण मुद्दाम किरकोळ घेतात, नव्या पोरांच्या अंगात बळ यावं म्हणून. ५६-० असा फलक बघून नाचण्याआधी समोर कोण होतं ते बघायला हवं.

ओहायोत हिशेब उलटा. तिथे १९७२ पासून हार्बिन गुणांची पद्धत आहे. एखाद्या संघाला हरवलं की त्याच्या वर्गानुसार गुण मिळतात, आणि त्या हरवलेल्या संघाने हंगामात जितके सामने जिंकले त्यांचेही गुण तुमच्या खात्यात जमा होतात. सामने दहा आणि दहाही मोजायचे. त्यामुळे पहिल्या शुक्रवारचा पराभव थेट ऑक्टोबरअखेर नडतो. आणि विजयाचीही एक मजेदार शेपटी असते. ज्याला पहिल्या आठवड्यात चारी मुंड्या चीत केलं, तोच दुसऱ्या आठवड्यापासून जिंकत राहावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. ओहायोचा प्रेक्षक आपल्या सामन्यात बसून फोनवर दुसऱ्याच गावाचा स्कोअर बघत असतो तो याचसाठी.

मॅसिलनसारख्या गावात हा हिशेब शेंबड्या पोरालाही येतो. क्लीव्हलंडच्या दक्षिणेला असलेलं हे पोलादाच्या कारखान्यांचं जुनं गाव. इथल्या शाळेचा कोच पॉल ब्राउन १९३२ ते १९४० इथे होता आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याच्या नावावरून क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघच निघाला. त्याच्या नावाचं स्टेडियम १९३९ चं. गावात मुलगा जन्माला आला की बूस्टर क्लब पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतो. शेजारच्या कँटन मॅकिन्लीशी १८९४ पासून वैर, आणि तो सामना हंगामाच्या शेवटी. त्यामुळे तिथे पहिला सामना जिंकल्यावरही लोक पुरते खूश होत नाहीत.

सामने शुक्रवारीच का, याला कायद्याचाही आधार आहे. अमेरिकन संसदेने १९६१ साली व्यावसायिक लीगला टीव्हीचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली, पण अट घातली: सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी सामने दाखवून कॉलेजांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. १९६६ च्या दुरुस्तीने हायस्कूललाही हे छत्र मिळालं. गंमत अशी की टेक्सस-ओहायोचा पहिला सामना ऑगस्टमध्येच होतो, म्हणजे तो या छत्राबाहेर. २०२४ आणि २०२५ मध्ये व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, ब्राझीलमधले आपले सामने सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी ठेवले ते याच फटीतून. तरी त्या रात्री हायस्कूलची बाकं ओस पडली नाहीत.

बाकं भरतात किती, याला गावाची रचना कारणीभूत असते. डॅलसच्या उत्तरेला अ‍ॅलनमध्ये एकच मोठं हायस्कूल. सगळं गाव एकाच बाजूला. तिथे २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरचं, १८ हजार आसनांचं स्टेडियम उभं राहिलं, २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा गेल्या म्हणून बंद पडलं आणि २०१५ ला पुन्हा उघडलं. मधल्या हंगामात यजमानपदाचे सामने शेजारच्या प्लेनोत खेळावे लागले. त्याच वर्षी कायलर मरी क्वार्टरबॅक असलेला हा संघ ओळीने तिसऱ्यांदा राज्यविजेता झाला. शेजारच्या फ्रिस्कोने उलटा मार्ग धरला: शाळा लहान ठेवायच्या आणि जास्त काढायच्या. मुलांना संघात, बँडमध्ये जागा मिळते, पण प्रेक्षक डझनभर शाळांत वाटला जातो आणि थोडीच मैदानं सगळ्यांनी आलटून-पालटून वापरायची म्हणून सामने गुरुवारीही होतात. त्यातलं एक मैदान फोर्ड सेंटर, डॅलस काउबॉइजच्या सरावाचं, १२ हजार आसनांचं, वातानुकूलित. तिथे गादी लागते ती फक्त कमरेसाठी. सोयीचं आहे, पण त्या गारव्यात आवाज चढत नाही असं आमचं ठाम मत आहे.

आवाजच ऐकायचा तर पश्चिम टेक्ससच्या सहा-सहा जणांच्या फुटबॉलला जावं. शाळेचा पट शंभरच्या आसपास किंवा कमी, मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद, चार खेळ्यांत दहाऐवजी १५ यार्ड पुढे जायचं आणि सहाही जण पास झेलू शकतात. लाथेने खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे तीन नव्हे चार गुण. मध्यांतरानंतर फरक ४५ चा झाला की सामना तिथेच थांबतो. पिकअप गाड्या मैदानाला तोंड करून लावलेल्या, टचडाउनला टाळ्यांऐवजी हॉर्न. नेब्रास्कात १९३४ साली मंदीच्या दिवसांत हा प्रकार निघाला, कारण अकरा पोरं जमवणंच मुश्कील होतं.

वादळाचं तेवढं सांगायचं राहिलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विजा हमखास. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की सामना थांबतो आणि शेवटच्या गडगडाटापासून पूर्ण ३० मिनिटं जावी लागतात. मधे एकदा जरी चमकलं तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. लोखंडी स्टँडखाली उभं राहायचं नाही, गाडीत जाऊन बसायचं. दोन थांबे झाले की निम्मे प्रेक्षक घर गाठतात. राहतात ते खेळाडूंचे आईवडील आणि बँडवाले.

मराठी घरं या स्टँडमध्ये सापडतात ती बहुधा बँडच्या बाजूला. फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलनमध्ये आपली कुटुंबं भरपूर आहेत, पण पोरं पॅड घालून मैदानात कमी दिसतात. क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन किंवा स्नेअर ड्रम घेऊन मध्यांतरात जास्त. पहिला सामना काही वर्षी गणपतीच्या आसपास येतो. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि टेक्ससचा पहिला फुटबॉल आठवडा लगोलग गुरुवार-शुक्रवारी. म्हणजे घरी आरती उरकून पोराला साडेचारला शाळेत सोडायचं, कारण बँडला सामन्याच्या कितीतरी आधी हजेरी असते. मंडळाची मोठी आरती शनिवार-रविवारी, त्यामुळे ढोलाच्या टिपऱ्या आणि ड्रमच्या काठ्या एकाच डिकीत पडलेल्या असू शकतात.

मध्यांतरात बँडचा पूर्ण कार्यक्रम दिसेल ही अपेक्षा पहिल्या शुक्रवारी ठेवू नका. सात-आठ मिनिटांच्या त्या रचनेचा पहिला भाग तेवढा बसलेला असतो. शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, हा यूआयएलचा दंडक. बाकीचे भाग एकेक करून ऑक्टोबरच्या स्पर्धेपर्यंत चढतात. उकाड्यामुळे बरेच बँड जाड गणवेशाऐवजी टीशर्ट-चड्डीवरच उतरतात. चाकांवरची मरिंबा आणि मोठे पडदे ढकलत नेणारे जे वडीलधारे दिसतात, ते बँडचे पालक. ओळी वाकड्या गेल्या तर खुशाल जाऊ द्या, पण ड्रमलाइन आणि मागची ट्रंपेटची रांग एका ठेक्यावर राहतात का ते ऐका. मैदानाच्या रुंदीत आवाज उशिरा पोचतो आणि मागच्यांनी कानावर विसंबून वाजवलं की ठेका फाटतो. म्हणून त्यांना बँड चालवणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघून वाजवायला शिकवतात, आणि नववीची पोरं पहिल्या रात्री ते हमखास विसरतात.

पुण्याहून, कोल्हापुरातून आलेल्या आजी-आजोबांना न्यायचं असेल तर सामन्याच्या सुरुवातीला नेण्यात अर्थ नाही. तेव्हा ऊन असतं आणि नातवंड बँडच्या घोळक्यात ओळखूही येत नाही. साडेसातच्या सुमारास पोचा, यजमानांच्या बाजूला ३० यार्डांच्या रेषेजवळ वरच्या रांगेत बसा, म्हणजे मध्यांतरातल्या रांगोळ्या वरून नीट दिसतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बहुतेक बँडना सुट्टी असते. नातवाला भेटायचं ते तेव्हाच, खाण्याच्या खिडकीपाशी, जिथे मक्याच्या चिप्सवर मिरची घातलेलं मांस आणि चीज ओतून देतात. ते गाईचं असतं, तेव्हा चालत नसेल त्यांनी नाचोज, पॉपकॉर्न किंवा बरणीतली आख्खी आंबट काकडी घ्यावी. रांग मोठी असते, आणि चौथं क्वार्टर सुरू व्हायच्या आत पोराला परत जागेवर जायचं असतं, म्हणून आजोबांनी त्याच्यासाठी पाण्याची बाटली आधीच घेऊन ठेवलेली बरी.